पहिला आकडा

१६ जानेवारी २००९, शुक्रवार

ही डायरी भाविनभाईंनी दिली. ते औषध कंपनीचे एमआर. दर जानेवारीत दवाखान्यात एक डायरी मॅडमसाठी आणतात. या वर्षी एक मलाही आणली. पहिल्या पानावर नाव, वय, शिक्षण लिहायला रेघा आहेत. नाव हेरंब, वय तेवीस, हे लगेच लिहून झालं. शिक्षणासमोर काय लिहावं यात बराच वेळ गेला. गणितात दोनदा नापास झाल्यावर मी शाळा सोडली. शेवटी ‘दहावीपर्यंत’ असं लिहिलं. ते खोटं नाही.

पहिली पंधरा पानं कोरी राहिली याचा त्रास होतो. पण मागच्या तारखा घालून लिहिणं बरोबर होणार नाही.

भाविनभाईंनी आज एक नवी वस्तू दाखवली. तिला चिप म्हणतात. नखाच्या निम्म्याएवढी, पातळ, पिवळट, वाळलेल्या आंबापोळीच्या तुकड्यासारखी. तिच्यात क्लोरहेक्झिडीन असतं (हा शब्द मी बाटलीवर बघून लिहिला आहे). याच औषधाने आपण पेशंटना गुळण्या करायला सांगतो. पण हिरडी रोगाने दातापासून सुटली की मध्ये खिशासारखी फट होते. त्या फटीच्या तळापर्यंत गुळणी पोचत नाही. ही चिप फटीतच सरकवून ठेवायची. आठ-दहा दिवसांत ती विरघळते आणि तेवढे दिवस औषध थोडं थोडं सुटत राहतं.

भाविनभाई म्हणाले, “मॅडम, आ तो मॅजिक छे. ऑपरेशनच नको.”

मॅडम म्हणाल्या, “मॅजिक असेल तर सर्कसवाल्यांना दे ना, भाविन. इथे कशाला घेऊन आलास?”

पण चिप त्यांनी बराच वेळ उजेडात धरून पाहिली.

१९ जानेवारी, सोमवार

मॅडम म्हणजे डॉ. अहल्या शिर्के. बडोद्यात मांजलपूरला त्यांच्या दवाखान्यात मला तीन वर्षं झाली. त्यांच्याइतकं खरं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पेशंट विचारतो, “दुखेल का?” तर त्या म्हणतात, “दुखेल. चाळीसपर्यंत मोजा, मग थांबेल.” आणि चाळीसला थांबतं. मी मनात मोजून पाहिलं आहे.

आज शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. ज्यांच्या तोंडात दोन्ही बाजूंना सारखाच रोग आहे असे आठ पेशंट निवडायचे. दोन्ही बाजूंची साफसफाई अगदी सारखी करायची. मग चिप एकाच बाजूला घालायची, दोन जागी. दुसऱ्या बाजूच्या दोन जागा तशाच ठेवायच्या. तीन महिन्यांनी चारही जागांची खोली मापायची.

“म्हणजे साफसफाईने किती बरं होतं आणि चिपने वरती किती, हे वेगळं दिसेल,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर काम साफसफाईचं आणि नाव चिपचं.”

मापायला दिनकरराव सर येणार. ते मॅडमचे कॉलेजातले सर, आता निवृत्त. चिप कोणत्या बाजूला आहे हे त्यांना कळता कामा नये. कळलं तर माप खराब होतं. त्यांनी मोठ्याने आकडा सांगायचा आणि मी लिहायचा. बाजूंची यादीही माझ्याचकडे.

जुलैमध्ये शहरातल्या दंतवैद्यांची सभा आहे. तिथे मॅडम हे वाचणार. त्यांनी आजवर कुठे काही वाचलेलं नाही. भाविनभाई चिप फुकट देणार आहेत. मॅडम म्हणाल्या, तेही पहिल्याच ओळीत सांगायचं.

एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. आकडा शाईने लिहायचा. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. बदलायचा झाला तर पहिल्या आकड्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचा वाचता येईल.

मी घरी येऊन तशा रेघा मारायचा सराव केला.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिले दोन पेशंट. आधीची मापं मॅडमनी घेतली. मग नाणं मी उडवलं. छापा आला तर उजवी बाजू, काटा आला तर डावी. दुसऱ्या वेळी नाणं खुर्चीखाली घरंगळलं. मी म्हणालो, “मॅडम, हे धरायचं नाही ना? परत उडवतो.”

“पडलं ते पडलं,” मॅडम म्हणाल्या. “का परत?”

मला फक्त नीट उडवलं गेलं नाही असं वाटलं.

चिप घालताना मॅडमचा हात पाहण्यासारखा असतो. चिमट्यात धरतात, हिरडीच्या कडेवर एक क्षण थांबतात, आणि ती आत जाते. उशीर केला तर ओलसर होऊन मऊ पडते आणि आत जात नाही. मॅडमची एकही वाया गेली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पादरा गावच्या कमलाबेन आज यादीतून गेल्या. सगळं ठरलं होतं. चिप पाकिटातून काढायच्या आधी मॅडम म्हणाल्या, “बेन, एक सांगते. ही माशाच्या अंगातल्या पदार्थापासून बनते.”

कमलाबेन उठूनच बसल्या. “ना बेन. माछलानी वस्तु मारा मोंमां नहीं. दांत पडी जाय तो भले पडी जाय.”

मॅडमनी त्यांच्या दोन्ही बाजू साफ करून दिल्या, गुळण्या लिहून दिल्या आणि रिक्षापर्यंत सोडायला मला पाठवलं.

नंतर भाविनभाई डोक्याला हात लावून म्हणाले, “मॅडम, कोणी विचारलं होतं? बडोद्यात माशाचं नाव घ्याल तर आठ पेशंट मळशे ज नहीं.”

“मिळतील,” मॅडम म्हणाल्या. “उशिरा मिळतील.”

असे आतापर्यंत तीन गेले.

४ मार्च, बुधवार

आठवा पेशंट मिळाला. संपतराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड, प्रतापनगरला राहतात. माशाचं ऐकून म्हणाले, “मासा? मग सोबत थोडा भातही घाला ना, मॅडम.” मॅडम हसल्यामुळे त्यांचा चिमटा हलला. चिप तरीही नीट गेली.

माझ्याकडची यादी आता पूर्ण आहे. दोन घड्या करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं. खाली उतरल्यावर कुलूप ओढून पाहिलं होतं की नाही ते आठवेना, म्हणून परत वर गेलो. कुलूप नीट लागलेलं होतं.

१० मे, रविवार

आज पहिले तीन पेशंट मापले. दिनकरराव सर दांडिया बाजारहून स्कूटरवर आले. वय एकाहत्तर. उन्हातून आले तरी शर्टाला सुरकुती नव्हती. मापायची सळई अगदी बारीक असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये उतरवायची आणि टेकेल तिथला आकडा वाचायचा. सरांचा हात जराही कापत नाही. मॅडम दुसऱ्या खोलीत थांबल्या होत्या. त्यांनी इथे नसावं असं सरच म्हणाले.

मी फार घाबरलो होतो. पहिले दोन पेशंट नीट झाले. तिसऱ्याच्या वेळी सर एका जागी “पाच” म्हणाले. ती चिपची जागा होती आणि आधीही पाचच होते. मला खात्री वाटेना. म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल किंवा सळई तिरकी गेली असेल. विचारलं, “सर, ही जागा परत बघता का?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, परत मापलं आणि म्हणाले, “चार.”

मी पाचावर रेघ मारून चार लिहिले. विचारलं ते बरं झालं. नाहीतर मॅडमचं एवढं काम माझ्या भिडस्तपणामुळे बिघडलं असतं.

१७ मे, रविवार

आणखी तीन पेशंट. आता भीती कमी झाली आहे. आज पाच वेळा परत बघायला सांगितलं. सर एकदाही रागावले नाहीत. उलट जाताना मॅडमना म्हणाले, “अहल्या, तुझा हा मुनीम फार काटेकोर आहे. माझ्या वेळी असा एक मिळाला असता तर!”

मॅडम म्हणाल्या, “म्हणून तर त्याला बसवलंय, सर.”

घरी येताना आमच्या पाणीगेट भागातला चढ कधी आला ते कळलं नाही. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं, आता चप्पल काढ.”

७ जून, रविवार

शेवटचे दोन पेशंट झाले. संपतराव तोंड उघडायच्या आधी सरांना म्हणाले, “साहेब, चिप कुठल्या बाजूला आहे ते मी सांगणार नाही. मला या हेरंबने दम दिलाय.” मी दम दिला नव्हता. विनंती केली होती. संपतरावांच्या तोंडात तीनदा परत बघावं लागलं.

मग मॅडमनी बेरीज केली. मीही शेजारी उभं राहून केली आणि आमचं उत्तर जुळलं. चिपच्या एकूण सोळा जागा. नुसत्या साफसफाईच्या सोळा. साफसफाईने दोन्हीकडे फरक पडलाच आहे, पण चिपच्या जागा त्याहून एकंदर सोळा मिलिमीटरने जास्त भरून आल्या. म्हणजे प्रत्येक जागेला एक.

मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या. “एवढा?” म्हणाल्या.

भाविनभाईंना फोनवर कळलं आणि अर्ध्या तासात ते लीलो चेवडो घेऊन हजर झाले. “मॅडम, आता तुमचं नाव अहमदाबादपर्यंत!”

मॅडमनी चिवडा सगळ्यांना वाटला. त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, यात थोडं माझंही आहे.

११ जून, गुरुवार

हे कसं लिहावं कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

मॅडमनी पक्की प्रत करायला सांगितली होती. दुपारी दवाखाना बंद असताना बसलो. कच्च्या कागदांवर रेघ मारून बदललेले आकडे किती, ते खाली टीप म्हणून लिहावं असं मला वाटलं. असं लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. मोजले. एकूण नऊ.

मग प्रत्येकापुढे बाजू लिहावी म्हणून कपाटातली यादी काढली. पहिला, चिपची बाजू. दुसरा, चिपची बाजू. तिसरा, चिपची. सहाव्यापर्यंत आल्यावर परत पहिल्यापासून ताडून पाहिलं.

नऊच्या नऊ चिपच्या बाजूला.

आधी वाटलं, योगायोग. मग दुसऱ्या बाजूचे आकडे पाहिले. तिथे पाच आहेत, एका ठिकाणी सहा आहेत. मी निमूट लिहिले आहेत. तिथे मला एकदाही शंका आली नाही. ऐकण्यात चूक झाली असेल असं एकदाही वाटलं नाही. चिपच्या बाजूला तीन आले, तेव्हाही वाटलं नाही. फक्त चिपच्या बाजूला मोठा आकडा आला की मला सळई तिरकी दिसायची.

मी काळजी घेत होतो असं समजत होतो.

नवांपैकी दोन परत मापल्यावर तेवढेच राहिले. सात एकेकाने उतरले. बेरीज परत केली. सोळातले सात माझ्या विचारण्यामुळे आले आहेत.

१२ जून, शुक्रवार

सांगितलं नाही. सकाळी मॅडम सभेत वाचायचा मजकूर लिहीत होत्या. मला विचारलं, “‘आश्वासक’ बरोबर लिहिलंय ना मी?” मी हो म्हणालो.

कच्चे कागद कोणी बघणार नाही. सभेत फक्त बेरीज वाचतात. मी काही खोटं लिहिलेलं नाही. सर जे म्हणाले तेच लिहिलं. ही वाक्यं मनात दहा वेळा म्हणून पाहिली. प्रत्येक वाक्य खरं आहे. सगळी मिळून खरी नाहीत.

सांगितलं तर मॅडम मला काढतील. आणि ते बरोबरच होईल. पण त्याहून वाईट म्हणजे त्यांची ती “एवढा?” म्हणतानाची मुद्रा मला परत घ्यावी लागेल.

१४ जून, रविवार

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “मॅडमना सांगायचं ते मला कशाला सांगतोस?”

१५ जून, सोमवार

सांगितलं. पेशंट यायच्या आधी, नऊला दहा मिनिटं असताना. कागद आणि यादी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बोलायचं पाठ केलं होतं, पण निम्मं विसरलो. मॅडमनी कागद ओढून घेतले आणि स्वतःच बोट ठेवत गेल्या.

“नऊच्या नऊ?”

“हो.”

“आणि उतरले किती?”

“सात. म्हणजे त्या सोळातले सात मिलिमीटर माझे आहेत, मॅडम.”

 बाहेर घंटा वाजली, पहिला पेशंट आला. मग मॅडम म्हणाल्या, “सात तुझे, नऊ चिपचे. ठीक आहे. चिप अगदीच रिकामी नाही.”

मी म्हणालो, पहिले आकडे वाचता येतात, तेच घेऊन बेरीज केली तर? सरांना कशाला सांगायचं? त्यांना वाईट वाटेल.

“वाटेल,” मॅडम म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी जाऊ.”

पेनाचं टोपण त्या सारखं काढत-घालत होत्या. मला वाटतं त्यांनाही सरांची भीती वाटते. मला कामावरून काढल्याचं काही बोलल्या नाहीत. विसरल्या असतील.

१६ जून, मंगळवार

सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी नलिनीताई मराठी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पाणी दिलं. मॅडमनी सांगायला सुरुवात केली, पण मी म्हणालो, मी सांगतो. सांगितलं.

सरांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. “म्हणजे माझं माप चुकलं असं म्हणायचंय तुला? चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं मी.”

“नाही सर. माझं विचारणं चुकलं.”

“दाखव.”

कागद घेऊन ते खिडकीपाशी गेले. बराच वेळ उलटसुलट पाहिले.  नलिनीताई आत गेल्या. मग सर पाठमोरेच म्हणाले,

“तू विचारलंस की मला बाजू कळायची.”

मॅडम म्हणाल्या, “सर?”

“तिसऱ्या पेशंटपासून. मी स्वतःला सांगितलं, नाही, मला काही कळत नाही. पण कळत होतं. याचा प्रश्न आला की इथे चिप आहे. आणि मग हात हलका पडायचा. सळई थोडी कमी दाबली की आकडा कमी येतो, अहल्या, तुला माहीत आहे.” ते वळले. “तू माझी विद्यार्थिनी. तुझं चांगलं व्हावं असं डोक्याला वाटलं तर चालतं. हाताला वाटायला नको होतं.”

मला वाटलं होतं सर ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मॅडम म्हणाल्या, मग तर पहिले आकडेही घेता येणार नाहीत. एकदा बाजू कळल्यावर त्या तोंडातल्या बाकीच्या जागाही गेल्या.

“नाहीच घेता येणार,” सर म्हणाले. “सगळ्यांना परत बोलाव. मी परत मापतो. चेहरे झाकून आणा, नाव सांगू नका, म्हणजे कोणाची कुठली बाजू ते मला आठवणार नाही. आणि हा मुनीम खोलीबाहेर.”

“मी लिहीन,” नलिनीताई आतून म्हणाल्या. “मला तुमच्या चिपचं काही घेणं-देणं नाही.”

२० जून, शनिवार

आठही जणांना फोन केले. सात येतील. एक बाई मुलाकडे अमेरिकेला गेल्या, त्या डिसेंबरात परततील. संपतराव म्हणाले, “का रे बाबा, पहिल्यांदा मापलं तेव्हा तुमची टेप तुटली होती का?”

मी म्हणालो, “माप बरोबर होतं. मी लिहिताना मध्ये बोललो.”

“मग यात माझ्या तोंडाचा काय गुन्हा?” पण येतो म्हणाले.

२८ जून, रविवार

मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून फक्त नलिनीताईंचा आवाज येत होता, “मोठ्याने बोला, पुटपुटू नका.” आकडे ऐकू येऊ नयेत म्हणून मी पंख्याखाली सरकलो.

संपतराव शेजारी येऊन बसले. त्यांचा नंबर तिसरा होता. “तुला आत का नाही घेत?”

“मला बाजू माहीत आहे म्हणून.”

“मलाही माहीत आहे. माझंच तोंड आहे ते. मग मीही बाहेरच बसतो, नुसतं तोंड आत पाठवू का?”

मला हसू आलं नाही, तर ते हळू म्हणाले, “हे बघ. मी एकतीस वर्षं गार्ड होतो. ड्रायव्हरला गाडी नेहमी वेळेवरच आहे असं वाटतं. म्हणून तर मागच्या डब्यात गार्ड असतो, आपलं घड्याळ घेऊन. चूक ड्रायव्हरचीही नसते.”

मी म्हणालो, “मी गार्डच होतो, काका.”

 मग त्यांना आत बोलावलं.

५ जुलै, रविवार

सातही झाले. चौदा चौदा जागा. नलिनीताईंच्या कागदावर एकही रेघ नाही. मॅडमनी यादी माझ्याकडून मागून घेतली आणि बेरीज केली. चिपच्या बाजूला एकंदर सहा मिलिमीटर जास्त. सहा भागिले चौदा. हे मी मनात केलं आणि बरोबर आलं. अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडं कमी.

सर म्हणाले, “हे खरं आहे.”

मॅडम हसल्या. मला वाटलं होतं त्या रडतील. म्हणाल्या, “सर, आहे हो थोडं. अगदीच नाही असं नाही.” जणू कोणी आजारी माणूस बरा आहे असा निरोप आला होता.

भाविनभाईंचा चेहरा मात्र उतरला. “मॅडम, पहेलां तो एक हतो ने? एक राखो ने. कोण मापायला येतंय?”

“आम्हीच आलो की, भाविन,” मॅडम म्हणाल्या.

१९ जुलै, रविवार

सभा झाली. हॉटेलच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी डॉक्टर. मी मागे चहाच्या टेबलापाशी उभा होतो. सकाळपासून मला एकच भीती होती, मॅडम माझं नाव घेतील. आणि नाही घेतलं तर ते माझ्यासाठी झाकून ठेवलं असं होईल, हीही भीती होती.

मॅडमनी पहिल्या ओळीत सांगितलं की चिप कंपनीने फुकट दिल्या. मग पहिली बेरीज वाचली, एक मिलिमीटर. लोक माना डोलवू लागले. मग म्हणाल्या, “हा आकडा चुकीचा आहे. तो कसा चुकला ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाचाही तसाच चुकेल.” आणि नऊ रेघांचं सगळं सांगितलं. मागच्या रांगेत दोघं हसले. “आमच्या मदतनिसाने स्वतः मोजून आम्हाला दाखवलं, म्हणून आम्हाला कळलं,” असं म्हणाल्या. नाव घेतलं नाही, पण मदतनीस मी एकटाच आहे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दिनकरराव सर उभे राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, “लिहिणाऱ्याने फक्त विचारलं. सळई माझ्या हातात होती.” आणि बसले. हसणं थांबलं. तिथल्या निम्म्या डॉक्टरांना त्यांनी शिकवलं आहे.

मग मॅडमनी खरा आकडा वाचला. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, “अहल्याबेन, अर्ध्याहून कमी मिलिमीटर. मग एवढा खटाटोप कशासाठी?”

“सगळ्यांसाठी नाहीच,” मॅडम म्हणाल्या. “आधी नीट साफसफाई. ती केल्यावरही जी जागा खोल राहते आणि जिथे पेशंट ऑपरेशनला तयार नाही, तिथे मी चिप घालीन. आणि त्याला सांगीन की थोडा फरक पडेल, थोडाच.”

टाळ्या जेमतेम वाजल्या. त्यांच्या आधी एकाने दात शुभ्र करण्यावर वाचलं होतं, त्याला जास्त वाजल्या. पण चहाच्या वेळी दोन तरुण डॉक्टर मॅडमना रेघ कशी मारायची ते विचारत होते. मॅडम त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. “याला विचारा,” म्हणाल्या. मी रुमालाने हात पुसले आणि कागदी रुमालावर मारून दाखवली.

२२ जुलै, बुधवार

शेवटी मीच विचारलं, “मॅडम, मला काढणार आहात का?”

त्या एक्स-रे बघत होत्या. “कशाला?”

मी कारण सांगितलं.

“हेरंब, आता डिसेंबरात त्या अमेरिकावाल्या बाई येतील. त्यांची बाजू तुला माहीत आहे, म्हणून त्यांचं माप नलिनीताई लिहितील. पण पुढच्या पेशंटना त्या दर वेळी येणार नाहीत. तुला बाजू माहीत नसेल अशी सोय करते. यादी माझ्याकडे राहील.”

म्हणजे यादी माझ्याकडून कायमची गेली. हे योग्यच आहे. पण त्या काढत आहेत की नाही, याचं सरळ उत्तर दिलं नाही. सरळ बोलणाऱ्या मॅडमनी असं का केलं, ते कळलं नाही.

२६ जुलै, रविवार

सर आले होते. म्हणाले, लिहिणाऱ्याला माप आतून कसं लागतं ते ठाऊक हवं. मला खुर्चीत बसवलं. तीन वर्षं मी ती खुर्ची रोज पुसतो, पण बसलो कधी नव्हतो. दिवा थेट डोळ्यांवर येतो. मॅडम कागद-पेन घेऊन माझ्या स्टुलावर बसल्या.

मी दिवसातून तीनदा दात घासतो, त्यामुळे निश्चिंत होतो. दोन, दोन, तीन, दोन. सर भराभर सांगत गेले. खालच्या डाव्या दाढेपाशी थांबले.

“हे नीट बघ,” म्हणाले. “हा हलका हात.” सळई नुसती टेकल्यासारखी झाली. “चार.” मग म्हणाले, “आणि हा बरोबर हात.” ती आणखी खाली गेली. दुखलं, पण फार नाही. “पाच.”

हलका हात जास्त बरा वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

मॅडमनी विचारलं, “कुठला लिहू?”

तोंडात आरसा होता, बोलता येत नव्हतं. मी हाताची पाचही बोटं वर केली. त्यांनी पाच लिहिले.

मंगळवारी माझी साफसफाई आहे. चिप लागेल की नाही, ते त्यानंतर मापून ठरेल.